शिष्यवृत्ती कुणाच्या नावाची?

कापूरहोळ हे गाव इतिहासाच्या पुस्तकात आलं ते दुधामुळं. १६५७ साली पुरंदरावर संभाजी जन्मला. आईला अंगावर पाजता येईना, तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातली धाराऊ दूधआई म्हणून गडावर गेली. त्या एका ओळीवर गावाचं नाव साडेतीनशे वर्षं टिकून आहे. ठीक आहे, टिकू द्या. पण याच भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यात किती बायांनी दुसऱ्याच्या खाचरात चिखलणी करून, डोक्यावर सरपणाचा भारा वाहून, एक पोरगं मॅट्रिकपर्यंत नेलं, त्यांची ओळ कुणी लिहिली नाही. त्यांच्या नावानं कुठल्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर 'स्मृतिप्रीत्यर्थ' असा कागद चिकटलेला मी तरी पाहिलेला नाही.

मित्रांनो, हा लेख शिष्यवृत्तीवर आहे. काही जण म्हणतील, हा काय विषय झाला? मोर्चा, अत्याचार, नामांतर सोडून हा गडी फॉर्म भरायच्या गोष्टी करतोय. पण जरा थांबा. पुणे-सातारा रस्त्यावरच्या आपल्या फाट्यावर एखाद्या सकाळी उभं राहा. एक रस्ता भोरला, एक सासवडकडे, सरळ गेलं की एकीकडं कात्रजचा घाट नि पुणं, दुसरीकडं सातारा. एस.टी.चा पास खिशात घालून उभी असलेली पोरं-पोरी बघा. भोर तेरा-चौदा किलोमीटर, पुणं चाळीसेक. यातली निम्मी पोरं बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असतात, आणि तिसऱ्या वर्षाला त्यातली किती फाट्यावर दिसतात ते तुम्ही स्वतः मोजा. मधल्या दोन वर्षांत जी गळती होते ती बुद्धीची नसते. पासचे पैसे, परीक्षेचा फॉर्म, खोलीचं भाडं, खानावळ. या चार गोष्टींवर आपली एक एक पिढी अडलेली आहे. म्हणून शिष्यवृत्तीचा इतिहास हा आपल्या चळवळीचाच इतिहास आहे, आणि तो आपण नीट वाचलेला नाही.

सुरुवात पुण्यापासूनच करू. या मुलखातली पहिली मोठी शिष्यवृत्ती म्हणजे पेशव्यांची दक्षिणा. दाभाड्यांनी सुरू केलेली, पेशव्यांनी वाढवलेली. श्रावणात पर्वतीच्या रमण्यात देशोदेशीचे ब्राह्मण गोळा व्हायचे, वेदशास्त्राची परीक्षा व्हायची आणि पैसा वाटला जायचा. तो पैसा काही पेशव्यांच्या घरचा नव्हता. तो शेतसाऱ्याचा होता. मावळातल्या भातखाचरांचा होता. ज्याच्या कमरेला खराटा होता त्यानंही वेठबिगारीनं त्यात भर घातली होती. १८१८ ला पेशवाई बुडाली. इंग्रज आले, पण एल्फिन्स्टननं दक्षिणा बंद केली नाही. पुण्याच्या ब्राह्मणांना दुखवायचं नव्हतं. १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती याच फंडातून. शिकणारे कोण हे सांगायला नको.

पुढं १८४९ च्या सुमारास पुण्यातल्या काही सुधारक तरुणांनी अर्ज केला, की या दक्षिणेतला काही भाग मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. त्यात लोकहितवादी होते. सनातन्यांनी एवढा गोंधळ घातला, की या तरुणांच्या पाठीशी जोतिबा फुल्यांना आपली माणसं घेऊन उभं राहावं लागलं. म्हणजे एका ब्राह्मणानं दुसऱ्या ब्राह्मणाकडचा फंड मराठीकडं वळवायचा, आणि त्याचं संरक्षण माळ्याच्या पोरानं करायचं! नंतर त्याच फंडातून फुल्यांच्या शाळांना थोडी मदत मिळाली. ती थोडीच होती. पण लोकांचा पैसा पहिल्यांदा लोकांच्या पोरींकडं वळला, हे महत्त्वाचं आहे.

जोतिबांनी हा धागा सोडला नाही. १८८२ ला हंटर कमिशन आलं. त्याच्यापुढं त्यांनी जे निवेदन दिलं ते बहुतेकांना एवढ्यापुरतं माहीत असतं, की शेतकऱ्यांच्या करातून वरच्या जातींची पोरं शिकतात. पण त्याच निवेदनात शिष्यवृत्तीबद्दल एक मुद्दा आहे, तो आपल्या अभ्यासवर्गात कुणी सांगत नाही. जोतिबा म्हणतात, सरकारी शिष्यवृत्त्या स्पर्धेनं दिल्या जातात आणि वरवर पाहता हे न्यायाचं वाटतं. पण ज्यांच्या घरात आधीच शिक्षणाची गोडी लागली आहे त्यांनाच त्या मिळत राहतात. म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत शिक्षण पोचलंच नाही त्यांच्यासाठी ठेवाव्यात. साल १८८२! राखीव शिष्यवृत्तीची मागणी इथं आहे. जोतिबांचं मूळ गाव खानवडी पुरंदर तालुक्यात, आपल्या शेजारचं. आज 'मेरिट, मेरिट' म्हणून जे कोकलतात त्यांना एका माळ्यानं तेव्हाच उत्तर देऊन ठेवलेलं आहे. आपण ते उचलून वापरत नाही, हा दोष आपला.

स्पर्धा म्हणजे काय होतं याचं एक उदाहरण देतो. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला सगळ्यात मानाची शिष्यवृत्ती कोणती? जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची. नाना शंकरशेट १८६५ ला वारले. शिक्षणासाठी त्यांनी पुष्कळ केलं, त्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्या नावाची ती शिष्यवृत्ती संस्कृत विषयाला. १९१२ ला चिंतामणराव देशमुखांनी ती मिळवली, पुढं ते देशाचे अर्थमंत्री झाले. आता त्याच्या पाचच वर्षं आधीचं, १९०७ सालचं, एल्फिन्स्टन हायस्कूल आठवा. भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले. त्यांना संस्कृत शिकायचं होतं. शिकवणाऱ्यानं महाराच्या पोराला संस्कृत शिकवायला नकार दिला, म्हणून पर्शियन घ्यावं लागलं. म्हणजे शिष्यवृत्तीच्या नियमात कुठं 'महारांना बंदी' असं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. वर्गाच्या दारातच काम झालेलं होतं. स्मृती-शिष्यवृत्तीचा कागद वाचताना म्हणून रक्कम नंतर वाचावी, अट आधी वाचावी. 'अमुक विषयात प्रथम येणाऱ्यास' या चार शब्दांत केवढी जात बसलेली असते ते कळतं.

बाबासाहेबांना शिष्यवृत्ती मिळाली ती कशी, हे आपल्याला भाषणांतून पाठ आहे, पण हिशोब पाठ नाही. कृष्णराव अर्जुन केळुस्करांनी सयाजीराव गायकवाडांकडं शब्द टाकला. महिना २५ रुपये मिळू लागले. त्यावर १९१२ ला बी.ए. झाले. १९१३ च्या जानेवारीत बडोद्याच्या नोकरीत गेले, २ फेब्रुवारीला वडील रामजी वारले. घरातला कर्ता माणूस गेलेला, आणि त्याच वर्षी परदेशाची शिष्यवृत्ती आली : महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात करार, शिक्षण झाल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची चाकरी. १९१५ ला कोलंबियात एम.ए., १९१६ ला लंडन. १९१७ ला मुदत संपली, आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून माणूस परत आला. जगातल्या दोन मोठ्या विद्यापीठांत शिकलेला हा माणूस बडोद्यात राहायला जागा शोधत फिरला. कचेरीतला शिपाई फायली लांबून फेकायचा. पारशाच्या खाणावळीतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. करारात चाकरी लिहिलेली होती, राहायची जागा लिहिलेली नव्हती.

लंडनचं राहिलेलं शिक्षण पुरं करायला १९२० साल उजाडलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज. १९२३ ला डी.एस्सी. झाले. राजाची शिष्यवृत्ती, स्वतःची पगारबचत आणि मित्राचं कर्ज या तिन्ही गोष्टी लागल्या तेव्हा एक बाबासाहेब झाले. यात सयाजीरावांचं मोठेपण कमी होत नाही. पण एक राजा उदार निघाला म्हणून एक पोरगा शिकला, यावर समाजाचं भविष्य टाकता येत नाही. पंतसचिवांचं भोर संस्थान १९४८ ला विलीन झालं. त्याच्या आधीच्या अडीचशे वर्षांत इथल्या गावकुसाबाहेरच्या पोरानं कुणाच्या उदारतेकडं बघायचं होतं?

आपल्याच बाजूची एक गोष्ट मध्येच सांगतो. या शतकाआधीच्या शतकाच्या सुरुवातीला, १९०२-०३ च्या सुमारास, पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडला एकावन्न गावांच्या महारांची सभा घेतली आणि सरकारला अर्ज केला. सैन्यात घ्या, पोलिसात घ्या. कापूरहोळहून सासवडला जाणारा रस्ता तोच. माणसं पायी गेली असतील. अर्जाचं फारसं काही झालं नाही. पण अर्ज करणं हीच नवी गोष्ट होती. त्याआधी आपल्याकडं जोहार होता.

आता लेखातला मुख्य मुद्दा. हा वाचून काहींना राग येईल.

१२ मार्च १९२७. महाडच्या सत्याग्रहाला आठच दिवस उरलेत. मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर चर्चा चालू आहे आणि बाबासाहेब बोलायला उभे राहतात. आकडे मांडतात : कॉलेज शिक्षणात दर दोन लाख लोकवस्तीमागं पुढारलेल्या हिंदूंचे एक हजार विद्यार्थी, मुसलमानांचे बावन्न, मधल्या वर्गाचे चौदा, आणि मागासलेल्या वर्गाचा जेमतेम एक, तोही असला तर. इथवर सगळं आपल्याला अपेक्षित आहे. पण पुढं बाबासाहेब सरकारला सांगतात, की तुम्ही अस्पृश्यांच्या पोरांना ज्या शिष्यवृत्त्या देता तो पैसा वाया जातो आहे!

बाबासाहेब शिष्यवृत्तीच्या विरोधात? होय, त्या वेळच्या पद्धतीच्या विरोधात. त्यांचं म्हणणं असं. आपला बाप इतका गरीब, की पोराला मिळालेले पैसे त्याला घरखर्चाची मदत वाटतात. ते पीठमिठात जातात. दुसरं, पोरगा राहतो कुठं? त्याच वस्तीत, त्याच खोपटात, जिथं अभ्यासाला दिवा नाही नि आजूबाजूला शिकलेला माणूस नाही. तो शेवटापर्यंत पोचतच नाही, मधेच गळतो. तेव्हा हाच पैसा वसतिगृहांवर खर्च करा. पोरगा तिथं राहील, जेवेल, अभ्यास करेल, आणि शेवटपर्यंत टिकेल.

हा माणूस बोलत होता तो अनुभवातून. बहिष्कृत हितकारिणी सभा २० जुलै १९२४ ला निघाली, आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ ला सोलापूरला वसतिगृह उघडलं. सभेनं पहिल्या कामांत काय केलं, तर पोरांच्या राहण्या-जेवण्याची सोय केली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात हेच केलं होतं. मिस क्लार्क वसतिगृह १९०८ सालचं. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ ला मिशन काढलं, त्यातही वसतिगृह होतंच. आणि आपल्या याच रस्त्यानं खाली गेलं की सातारा. तिथं भाऊराव पाटलांनी १९२४ ला बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. एकदा कोठीत दाणा उरला नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र मोडायला दिलं. १९३० ला त्या गेल्या. पुढं भाऊरावांनी १९४० च्या सुमारास जी पतपेढी उभी केली तिला त्यांचंच नाव : लक्ष्मीबाई भाऊराव पाटील शिक्षणोत्तेजक पतपेढी. ही मला खरी स्मृती-शिष्यवृत्ती वाटते. मंगळसूत्र एकदा मोडलं की संपतं. पतपेढीतला पैसा एका पोराकडून परत येतो नि दुसऱ्याकडं जातो. लेखाच्या शेवटी पुन्हा यावर येणार आहे, लक्षात ठेवा.

स्टार्ट कमिटीत बाबासाहेब होते. तिचा अहवाल १९३० ला आला, त्यातही वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या दोन्ही आहेत. म्हणजे त्यांनी शिष्यवृत्ती सोडली नव्हती. खालच्या वर्गांना वसतिगृह, वरच्या शिक्षणाला शिष्यवृत्ती, अशी त्यांची वाटणी होती असं मला दिसतं.

कारण पुढचं पाऊल थेट दिल्लीत पडलं. जुलै १९४२ ला बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात शिक्षणासाठी पैसा मागितला : विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला दोन लाख, परदेशी पाठवण्यासाठी एक लाख. व्हाइसरॉय लिनलिथगोशी झालेली बोलणी पुढं त्यांनी स्वतःच सांगितली आहेत. अलीगढच्या विद्यापीठाला तीन लाख देता, बनारसला तीन लाख देता, आमच्यासाठी काय? आणि मग विचारलं, मी एकटा पाचशे पदवीधरांच्या बरोबरीचा आहे की नाही? लिनलिथगो हो म्हणाला. तर मला मोक्याच्या जागी बसतील अशी माणसं तयार करायची आहेत. तीन लाख मंजूर झाले. १९४४ पासून अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. काही पोरं विलायतेला गेली.

१९१३ आणि १९४४ ही दोन सालं शेजारी ठेवून बघा. बडोद्याची शिष्यवृत्ती हा राजाचा करार होता, सही करणाऱ्याचं नाव एक. १९४४ ची शिष्यवृत्ती सरकारच्या अंदाजपत्रकातून आली. तिथं केळुस्कर गुरुजींनी शब्द टाकायची गरज नाही, महाराजांच्या दर्शनाला जायची गरज नाही. जातीचा दाखला, मार्कलिस्ट नि फॉर्म. ज्या माणसानं दुसऱ्याच्या मर्जीवर शिक्षण घेतलं त्यानं मर्जी हा शब्दच त्या व्यवहारातून काढून टाकला. आपल्या एकतीस वर्षांच्या प्रवासाचा जमाखर्च बाबासाहेबांनी असा मांडला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. त्याचे वर्ग सकाळचे, म्हणजे नोकरी करणाऱ्या पोराला शिकता यावं. १९५० ला औरंगाबादला कॉलेज, तेच पुढं मिलिंद. नागसेनवनाची वसतिगृहं आणि खिशातली सरकारी शिष्यवृत्ती या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि मराठवाड्यातलं पोरगं पहिल्यांदा पोटाची काळजी बाजूला ठेवून रात्री पुस्तक वाचू लागलं. म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे असे प्राध्यापक तिथं होते. 'अस्मितादर्श' तिथूनच निघालं. आपलं साहित्य कुठून आलं याची मोठमोठी तत्त्वं सांगितली जातात. मी म्हणतो, मेसच्या ताटातून आलं. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला की कविता निघायची ती वेगळीच.

पण १९५६ नंतर एक पेच पडला, आणि तो आपल्या बापांनी सोसला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जात म्हणजे हिंदू धर्मातली. त्यात फक्त शिखांची भर १९५६ ला पडली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी धम्म घेतला आणि कागदावर ते अनुसूचित जातीतून बाहेर पडले. केंद्राच्या सवलती बंद. माणूस तोच, वस्ती तीच, पाणवठाही तोच. फक्त देव सोडले म्हणून हक्क गेला. १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर राज्य सरकारनं नवबौद्धांना आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राचं दार मात्र १९९० पर्यंत बंद राहिलं. चौतीस वर्षं! या चौतीस वर्षांत कितीतरी घरांत एक भांडण झालेलं आहे. शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहायचं का 'हिंदू महार'? बाप म्हणायचा, बाबासाहेबांनी दिलेलं नाव सोडायचं नाही. मास्तर म्हणायचा, अरे पोराचं नुकसान होईल. काहींनी 'हिंदू महार' लिहिलं, शिकले, साहेब झाले, आणि आयुष्यभर तो कागद कपाटात तळाशी ठेवला. त्यांना आपण भित्रे म्हणतो. मला ते एवढं सोपं वाटत नाही. भाकरी आणि धम्म यातलं एक निवड असं ज्या व्यवस्थेनं सांगितलं तिला आधी दोष द्या, मग त्या माणसाकडं वळा.

आजचं काय? आज आपल्या माणसांच्या नावाच्या योजना पुष्कळ आहेत. पाचवी ते सातवीच्या आपल्या पोरींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती. कित्येक वर्षं ती महिना ६० रुपये होती. साठ रुपयांत सावित्रीबाईंचं नाव! परदेशी शिक्षणाला २००३ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. ती चांगली आहे, तिच्यावर पोरं खरोखरच लंडन-अमेरिकेला जातात. आणि २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना.

ही स्वाधार नीट समजून घ्या, कारण १९२७ चं भाषण इथं उलटं झालेलं आहे. ज्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्याला राहण्या-जेवण्याचे पैसे रोख द्यायचे : मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार, विभागाच्या शहरात ५१ हजार, इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार, असे सुरुवातीचे दर. बाबासाहेब म्हणाले होते, रोख देऊ नका, वसतिगृह बांधा. सरकार त्यांच्याच नावानं म्हणतंय, वसतिगृह पुरत नाही, रोख घ्या. मी ही योजना वाईट म्हणत नाही. ज्याला मिळाली त्याचं वर्ष निघालं. पण पहिल्या नियमात आणखी एक अट होती : कॉलेज महापालिकेच्या हद्दीपासून पाच किलोमीटरच्या आत हवं. म्हणजे भोरच्या कॉलेजात शिकणारा वेल्ह्याच्या डोंगरातला पोरगा त्यात बसत नव्हता. त्याला बाबासाहेबांच्या नावाचा लाभ घ्यायचा तर आधी कात्रजचा घाट उतरायला हवा. ज्याच्या घरातून पुण्याला जायचं भाडं निघत नाही म्हणून तो भोरला शिकतोय, त्यालाच वगळलं.

आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, ती १९४४ ची, आज किती? उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. २०२० च्या डिसेंबरात केंद्रानं पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींचा आराखडा मंजूर केला, केंद्राचा वाटा साठ टक्के धरला. त्याच्या आधीची काही वर्षं जुन्या सूत्रामुळं केंद्राचा वाटा अगदीच खाली गेला होता नि राज्यांकडं थकबाकी साचली होती. नव्या नियमात पोराच्या हातात पडणारा भत्ता अभ्यासक्रमाप्रमाणं वर्षाला २,५०० ते १३,५०० रुपये. वर्षाला बरं का, महिन्याला नव्हे. बी.ए. करणारा खालच्या टोकाला.

रकमेपेक्षा मोठी अडचण तारखेची आहे. हे फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, पण निवेदनात कुणी लिहीत नाही. पैसा लागतो जून-जुलैत. खोलीचं डिपॉझिट, मेसचा आगाऊ महिना, पुस्तकं, पास. आणि शिष्यवृत्ती खात्यावर पडते फेब्रुवारी-मार्चला, कधी पुढच्या वर्षी. मधले आठ महिने पोरगं काय करतं? सावकार गाठतं, नाहीतर बहिणीचे दागिने, नाहीतर हायवेवरच्या ढाब्यावर रात्रपाळी. नाहीतर घरी बसतं, आणि मार्चमध्ये शिष्यवृत्ती येते तेव्हा ते शिरवळच्या कंपनीत कंत्राटावर लागलेलं असतं. शिष्यवृत्ती मंजूर, विद्यार्थी गैरहजर.

म्हणून आपल्यातल्या ज्यांनी बाबासाहेबांच्या नावानं किंवा आपल्या वारलेल्या आई-बापाच्या नावानं फंड काढायचं मनावर घेतलं आहे, त्यांच्यापुढं हिशोब ठेवतो. नेहमीची पद्धत अशी : कॉलेजकडं रक्कम ठेव म्हणून द्यायची, व्याजातून दरवर्षी पहिल्या आलेल्याला बक्षीस. समजा दहा हजार ठेवले. एके काळी दहा टक्क्यांनी वर्षाला हजार रुपये यायचे, तेव्हा त्या हजारात पोराचं वर्षाचं बरंच भागायचं. आज तेच दहा हजार साडेसहा टक्क्यांनी साडेसहाशे देतात. त्यात परीक्षेचा फॉर्म भरून पासचे पैसेही उरत नाहीत. मुद्दल जपलं गेलं, नावही फळ्यावर राहिलं, पण त्या नावानं शिकणारं पोरगं राहिलं नाही. शिवाय 'प्रथम येणाऱ्यास' ही अट आलीच, म्हणजे जोतिबा १८८२ ला ज्याच्याबद्दल बोलले तेच.

त्यापेक्षा सातारचा मार्ग धरा. समजा जयंतीच्या वर्गणीतून पंधरा हजार बाजूला काढले. (डी.जे.ला किती जातात ते विचारत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.) जूनमध्ये तीन पोरांना पाच-पाच हजार बिनव्याजी द्यायचे. बक्षीस म्हणून नाही, उसने म्हणून. सरकारी शिष्यवृत्ती खात्यावर पडली की परत घ्यायचे, पुढच्या जूनमध्ये पुन्हा तिघांना. एखादा बुडवेल. बुडवू द्या, त्याची भरपाई पुढच्या जयंतीला करा. बँकेतलं खातं दोघांच्या सहीचं, त्यातली एक सही बाईची. वही कुणालाही बघायला मोकळी. अट एकच ठेवा : मार्कलिस्टवर पहिला कोण हे बघायचं नाही, घरात पहिल्यांदा कॉलेजात कोण चाललंय ते बघायचं. पोरीला आधी, कारण पोराचे पैसे नसले तर घर कर्ज काढतं आणि पोरीचे नसले तर घर स्थळ बघतं.

राहिलं नाव. माझ्या डोक्यात ज्या आहेत त्यांच्या नावापुढं कै. लावायची आपल्याकडं चाल नाही, फोटोही बहुतेकींचा नसतो. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडं जाऊन आधी त्यांची नावं लिहून घ्यावी लागतील. फॉर्म जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतात, तेव्हा हे काम मे महिन्यात उरकलं पाहिजे.